गेट तेच, दोरी नवी

समजा, तुम्ही रोज जिथे काम करता, तिथेच काम करता हे तुम्हाला सिद्ध करायचंय. सोपं वाटतं ना? करून बघा. बँकेकडून एक माणूस येणार आहे. कधी येणार ते तो सांगणार नाही. तो गोदामाच्या गेटवर उभा राहून वॉचमनला तुमचं नाव विचारणार. वॉचमन गेल्याच महिन्यात बदलून आलाय, त्याला ट्रकचे नंबर पाठ आहेत, माणसांची नावं नाहीत. आतला माल एका कंपनीचा, गोदामाची जागा दुसऱ्याची, काम चालवणारी कंपनी तिसरी आणि तुमचा पगार काढणारी चौथी. आणि तुम्ही त्या वेळी आत कुठेतरी खोके तपासत असणार, मोबाईल लॉकरमध्ये. मग तुम्ही तिथे आहात हे त्या माणसाला कोण सांगणार?

करिष्मा भोईरने यावर स्वतःपुरता उपाय काढला होता. ती रोज सकाळी गेटवर थांबायची आणि वॉचमनची परीक्षा घ्यायची.

"काका, माझं नाव?"

"करिष्मा भोईर."

"काम?"

"इनवर्ड चेकर. डॉक नंबर सात."

"किती वर्षं?"

"सात. मॅडम, बँकवाला येणार आहे की यमराज? माझी पण इतकी चौकशी माझ्या सासऱ्याने केली नव्हती."

"त्यांना मुलगी द्यायची होती फक्त. मला घर घ्यायचंय."

करिष्मा एकतीस वर्षांची. लग्न होऊन भिवंडीजवळच्या अंजूरला आली तेव्हा बारावी झालेली होती. मुलगी उन्नती दोन वर्षांची झाल्यावर ती गोदामात लागली. इनवर्ड म्हणजे डॉकच्या ओट्यावर ट्रकमधून उतरणारा माल. बिस्किटं, नूडल्स, लहान मुलांची दूध पावडर, असलं खाण्यापिण्याचं सामान. खोक्यावरची तारीख बघायची, स्कॅनर मारायचा, मग आत सोडायचं. तारीख पुसट असेल तर ती खोकं घेत नाही. ड्रायव्हर हातापाया पडतात, ओरडतात, ती मान हलवते. त्यामुळे डॉकवर तिला कोणी करिष्मा म्हणत नाही. 'ओ तारीखवाली!' अशी हाक येते.

नवरा धनेश छोटा टेम्पो चालवतो. कमाई वाईट नाही, पण रोजची, हातातली. बँकेत त्याचा पुरावा नाही. त्यामुळे कर्जासाठी फक्त करिष्माचा पगार धरला गेला. ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी धनेशने टेम्पोची चावी तिच्यासमोर धरली आणि म्हणाला, "बँकेच्या लेखी मी घरी बसून खाणारा नवरा आहे. चहा टाकतेस का?"

"बसून खाणाऱ्याने स्वतः टाकायचा असतो," करिष्मा म्हणाली.

ती दोघं, उन्नती आणि धनेशची आई धोंडूबाई असे चौघं एका खोलीत राहतात. खोली धनेशच्या काकांच्या घरातली. धनेशच्या वडिलांच्या वाट्याचं जे काही होतं, ते त्यांच्या आजारपणात संपलं. केसरीनाथकाकांनी खोलीचं भाडं कधी मागितलं नाही, कधी टोमणा मारला नाही. पण त्यांच्या सार्थकचं लग्न वैशाखात ठरलं, आणि नव्या जोडप्याला देता येईल अशी घरात तेवढीच एक खोली होती.

"मी जा म्हनत न्हाय गो," काका म्हणाले होते. "घाई न्हाय. पन हळदीच्या आदी रंग मारायला होवा, येवढंच."

जवळच्याच एका इमारतीत घर स्वस्त मिळत होतं. पण तिला पुरत्या परवानग्या नव्हत्या आणि बँक त्या इमारतीचं नाव ऐकूनच फाईल बंद करत होती. ज्या इमारतीचे कागद स्वच्छ आणि भावही झेपेल, अशी एकच सापडली. भिवंडीच्या पलीकडे, वाड्याच्या रस्त्याला, अंबाडीच्या अलीकडे. म्हणजे करिष्माला कामावर यायला दोन रिक्षा, मध्ये धामणकर नाक्यावर उतरून पुन्हा रांगेत उभं राहणं. एक खोली, स्वयंपाकघर, एवढीशी गॅलरी. पाचवा मजला.

धोंडूबाईने गॅलरी बघून विचारलं, "हितं सुकट कुठं वाळवू?"

"आई, इथे सुकट वाळवली तर सोसायटी आपल्याला वाळवेल," धनेश म्हणाला.

"मंग ह्ये घर कसलं?" असं म्हणून म्हातारी गॅलरीतच बसली आणि अर्धा तास उठेना. खाली उतरल्यावर म्हणाली, "वारा बरा हाय पन." घर पसंत पडल्याचं करिष्माला तेव्हा कळलं.

आता या गोष्टीतली दोरी समजून घ्यायला हवी. आयकार्डाची दोरी, गळ्यात घालायची.

गोदाम चालवणारी मोठी कंपनी माणसं स्वतः ठेवत नाही. माणसं पुरवण्याचं काम ती एखाद्या व्हेंडरला देते. कंत्राट संपलं की नवा व्हेंडर येतो. त्या दिवशी सगळी माणसं जुन्या व्हेंडरचा राजीनामा लिहून देतात आणि त्याच टेबलावर, त्याच पेनाने नव्याच्या जॉइनिंगवर सही करतात. लॉकर तोच राहतो. डॉक तोच. सुपरवायझर, कॅन्टीनमधली पातळ डाळ, सगळं तेच. जुनं कार्ड परत घेतात, दोरी कोणी परत मागत नाही. नव्या कार्डाला नव्या रंगाची दोरी असते. गोदामात कोण कधी लागलं हे वर्षावरून नाही, रंगावरून सांगतात. 'तो लाल दोरीतला', 'ही निळीत आली'.

करिष्माची पहिली दोरी लाल. मग निळी, मग पिवळी. त्यानंतर हिरवी आली आणि ती टिकली. तीन वर्षं एकाच कंपनीच्या नावाने पगार बँकेत पडत राहिला. घर घेण्याचं धाडस त्या हिरव्या दोरीमुळेच झालं. बँकेच्या धामणकर नाक्याजवळच्या शाखेत कर्ज बघणारी ऋतिका नावाची अधिकारी होती, करिष्माहून वयाने लहानच. तिने पगाराच्या पावत्या चाळल्या आणि म्हणाली, "ताई, तुमचं काम होईल. एका कंपनीत सलग आहात ना, तेच महत्त्वाचं."

फेब्रुवारीत मंजुरीचं पत्र आलं. बिल्डरकडे बुकिंगचे पैसे भरले. त्यात करिष्माची साठवण गेली आणि धनेशने टेम्पोचे टायर बदलायचं पुढे ढकललं. आता नोंदणी व्हायची होती, मग बँक पैसे सोडणार होती. सोडण्याआधी एक शेवटची तपासणी: माणूस अजून नोकरीवर आहे ना? गेटवरच्या परीक्षा त्यासाठीच चालल्या होत्या.

मार्चमध्ये भावनाचा फोन आला. भावना लाल दोरीच्या दिवसांतली मैत्रीण. ती दुसऱ्या एका कंपनीच्या गोदामात लागली होती. मध्ये व्हेंडर नाही, थेट कंपनीची माणूस.

"ऐक," भावना म्हणाली. "आमच्याकडे चेकरची जागा निघालीये. कायम. पगार जास्त, औषधपाण्याचं कार्ड घरच्या सगळ्यांना. मी तुझं नाव सांगितलंय. तारीखवाली आहे म्हटलं, साहेब खूश झाले."

सात वर्षं तिने याच फोनची वाट पाहिली होती. पण तिने आधी ऋतिकाला विचारलं.

"आत्ता?" ऋतिका जवळजवळ ओरडलीच. "ताई, अजिबात नको. पैसे सुटेपर्यंत आहात तिथून हलू नका. नोकरी बदलली की नवीन ठिकाणी सहा महिने, कायम झाल्याचं पत्र, सगळं पहिल्यापासून. मंजुरी जाईल."

"पण ती नोकरी जास्त चांगली आहे."

"असेल. नंतर घ्या."

भावनाला तिने नाही म्हणून सांगितलं. भावना म्हणाली, "तू वेडी आहेस. अशी जागा परत निघत नाही."

"माहीत आहे गं. पण घर?"

त्या रात्री धनेशनेही विचारलं, "नक्की?" करिष्मा म्हणाली, "आता मी शिंकणार पण नाही. पैसे सुटेपर्यंत जशी आहे तशी राहणार."

आणि ती तशीच राहिली. एक दिवस रजा नाही. ताप आला तरी गेली. सुपरवायझर चुकीचं बोलला तेव्हा गप्प बसली. एरवी ती गप्प बसली नसती.

मार्चच्या शेवटच्या दिवशी कॅन्टीनमध्ये टेबल मांडलं गेलं. समोशांचा वास डॉकपर्यंत येत होता. हिरव्या दोरीचं कंत्राट संपलं होतं.

टेबलामागे अफनान बसला होता. माणसांच्या कागदपत्रांचं काम बघणारा पंचविशीतला मुलगा, स्वभावाने गोड. त्याच्यासमोर दोन गठ्ठे, बाजूला नारिंगी दोऱ्यांचं खोकं. "चलो भाई, चलो! इधर राजीनामा, उधर जॉइनिंग, फिर समोसा. समोसा लेके साईन नहीं करेगा तो समोसा वापस!"

करिष्माच्या पुढे हारूनभाई होता. माल उतरवणाऱ्या टोळीचा म्होरक्या, पन्नाशी उलटलेला, सगळ्या रंगांच्या दोऱ्या बघितलेला. त्याने दोन्हीकडे सही केली, तारखेची जागा कोरी ठेवली आणि समोसा उचलला.

"हारूनभाई, तारीख राहिली," करिष्मा म्हणाली.

"ती त्यांची. आपलं काम सहीचं. तू इथे पण माल तपासायला उभी राहिलीस काय?"

तिचा नंबर आला. सही करण्याआधी तिने विचारलं, "सर, माझं घराचं लोन चालू आहे. याने काही होणार नाही ना?"

अफनानने खरंच विचार केला. मग म्हणाला, "नाही मॅडम. नोकरी तीच आहे ना? जागा तीच, पगार तोच. फक्त दोरी बदलते. आतापर्यंत कधी काही झालंय?"

नव्हतं झालं. तीनदा दोरी बदलली होती, काही झालं नव्हतं. मागे रांग कॅन्टीनच्या दारापर्यंत गेली होती. कोणीतरी ओरडलं, "ए तारीखवाली, समोसे थंड होतायत!" करिष्माने राजीनाम्यावर सही केली. खाली तारखेची जागा रिकामी दिसली. रिकामी तारीख तिला बघवत नाही. तिने नीट, सुवाच्य अक्षरात ती भरली.

पुढच्या आठवड्यात बँकेचा माणूस गेटवर आला. वॉचमनने कमाल केली. नाव, काम, डॉक, वर्षं, सगळं एका दमात सांगितलं. वर म्हणाला, "साहेब, बोलावू का? खोकी तपासतायत. पण तुमच्यावर तारीख आहे का बघा, नाहीतर आत घेणार नाहीत." माणूस हसत गेला. संध्याकाळी करिष्माने वॉचमनला जिलेबी दिली आणि रिक्षात बसल्यावर पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, गॅलरीला हिरवी जाळी लावावी. उन्नती वाकते.

दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर मोबाईलवर ऋतिकाचे चार फोन येऊन गेलेले.

"ताई, तुम्ही राजीनामा दिलात?"

"नाही. का?"

"तुमच्या कंपनीला मेल केला होता. उत्तर आलंय. तुम्ही मार्चअखेर नोकरी सोडलीत म्हणून."

"कोणत्या कंपनीला?" करिष्माने विचारलं, आणि विचारतानाच तिच्या लक्षात आलं. छातीवर नारिंगी दोरी होती.

तिने सगळं सांगितलं. दोरी, समोसे, दोन सह्या. ऋतिकाने ऐकून घेतलं. "मला समजतंय," ती म्हणाली. "पण कागदावर तुम्ही नोकरी बदललीत. नवीन कंपनीत सहा महिने प्रोबेशन दिसतंय. पैसे मी आत्ता सोडू शकत नाही."

करिष्मा तडक अफनानकडे गेली. त्याने कॉम्प्युटर उघडला, बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, तुमचा कागद पूर्ण भरलेला होता. तारखेसकट. म्हणून पहिल्याच दिवशी हेड ऑफिसला गेला. बाकीचे अजून इथेच पडलेत." त्याने ड्रॉवर ओढून गठ्ठा दाखवला. "यांच्या तारखा मला भरायच्यात, वेळच मिळाला नाही. यांच्यातल्या कोणाची चौकशी आली असती तर जुनी कंपनी हो म्हणाली असती."

दारात हारूनभाई उभा होता. "म्हणजे मी अजून हिरवाच?"

"हो, हारूनभाई."

"वा. आणि लोन हिला पाहिजे." तो हसला. मग करिष्माचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "अफनान, माझा कागद हिच्या नावाने चालवता येत नाही का रे?"

चालवता येत नव्हता. जुन्या कंपनीने इथला गाशा गुंडाळला होता. तिथला माणूस फोनवर म्हणाला, हिशेब पूर्ण झालेली व्यक्ती पुन्हा चालू दाखवता येणार नाही. नव्या कंपनीने पत्र दिलं, ताबडतोब दिलं, पण त्यात लिहिलं होतं ते खरं होतं: एक एप्रिलपासून रुजू, सहा महिने प्रोबेशनवर. मोठ्या कंपनीच्या साहेबांनी सांगितलं, तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, आम्ही काय लिहून देणार? ते हे म्हणाले तेव्हा त्यांच्यामागे भिंतीवर करिष्माचा फोटो होता. गेल्या वर्षीची सर्वोत्तम चेकर.

तिने भावनाला फोन केला.

"शुक्रवारीच भरली गं ती जागा," भावना म्हणाली. नंतर विचारलं, "काय झालं?" करिष्माने काही नाही म्हणून फोन ठेवला.

बिल्डरच्या ऑफिसात बाईने पाणी दिलं, खुर्ची दिली आणि सांगितलं की महिनाअखेरपर्यंत नोंदणी झाली नाही तर बुकिंग रद्द धरलं जाईल, पैसे थोडे कापून परत मिळतील. पुन्हा घ्यायचं तर नव्या भावाने. "सहा महिने थांबता का?" करिष्माने विचारलं. बाई म्हणाली, "मॅडम, घरं विकायला आहेत, थांबवायला नाहीत."

घरी आली तर खोलीत शिडी होती. रंगाऱ्याने एका भिंतीला गुलाबी रंग लावून बघितला होता. कपाट मध्यभागी ओढलेलं, उन्नती त्याच्या आडोशाला बसून अभ्यास करत होती. केसरीनाथकाका दारात अवघडून उभे होते.

"नुसता बगायला लावला," ते म्हणाले. "तुमचा झाला का गो काम?"

"होतंय, काका," करिष्मा म्हणाली.

धोंडूबाईने तिच्याकडे बघितलं. रात्री ताट वाढताना एवढंच म्हणाली, "गॅलरीत लय वारा व्हता. सुकट उडालीच असती."

सकाळी करिष्माने घरातल्या दोऱ्या शोधायला सुरुवात केली. लाल दोरीला खोलीच्या किल्ल्या होत्या. निळी धनेशच्या टेम्पोच्या आरशाला लिंबू-मिरची बांधायला गेली होती. पिवळी उन्नतीच्या पाण्याच्या बाटलीला. हिरवी तिने देव्हाऱ्यापाशी ठेवली होती, मंजुरीचं पत्र आलं त्या दिवसापासून. तिने सगळ्या सोडवल्या, धुतल्या, पंख्याखाली वाळवल्या. धनेश टेम्पोच्या रिकाम्या आरशाकडे बघत म्हणाला, "या बँकेला चालतील?"

"माहीत नाही. पण मी तरी एकदा सगळं शेजारी शेजारी ठेवून बघते."

बँकेत गर्दी होती. नंबर आल्यावर तिने ऋतिकाच्या टेबलावर दोऱ्या मांडल्या. लाल, निळी, पिवळी, हिरवी. मग गळ्यातली नारिंगी काढून शेवटी ठेवली. प्रत्येकीवर वेगळ्या कंपनीचं नाव छापलेलं. शेजारी मोबाईल ठेवला, त्यात गेटचा फोटो, वॉचमन हात वर करून उभा.

ऋतिकाने दोऱ्यांना हात लावला नाही, पण त्या बाजूलाही सारल्या नाहीत.

"ताई, मला दिसतंय तुम्ही तिथेच आहात. पण मला गेटचं नाव लिहायला जागा नाही. कंपनीचं नाव लिहावं लागतं."

"मग मी काय करू?"

"सहा महिन्यांनी कायम झाल्याचं पत्र आणा. तोपर्यंत नोकरी बदलू नका."

करिष्मा हसली. तिला हसायचं नव्हतं. "यांचं कंत्राट अकरा महिन्यांचं आहे, मॅडम. सहा महिन्यांनी पत्र मिळालं आणि तुमची फाईल होईपर्यंत परत समोसे आले, तर?"

मागच्या माणसाने घसा खाकरला. करिष्माने दोऱ्या एकेक करून गुंडाळायला घेतल्या. नारिंगी पुन्हा गळ्यात घातली, कारण त्या दिवशी तिने बाराची शिफ्ट मागून घेतली होती आणि तिच्याशिवाय गेटवरून आत सोडत नाहीत. हिरवी मात्र तिच्या हातातच राहिली.

"मॅडम, कर्जाचं राहू दे. मला एवढंच सांगा. चांगली नोकरी आली, मी ती घेतली नाही. तापात गेले, खाडा केला नाही. रोज त्याच गेटातून आत जाते, आत्ताही तिथेच चाललेय. मग मी नोकरी सोडली कधी?"